जपून ठेवलेलं बोलणं

आकाराम हवालदाराला ऐकू येत नाही हे सगळ्या कुंडलला ठाऊक होतं, एक आकाराम सोडून. त्याचं म्हणणं, आजकाल लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात, पूर्वीसारखी खणखणीत माणसं राहिली नाहीत. सतरा वर्षं तोफखान्यात काढलेला गडी. शेजारी तोफ उडायची आणि हा पुढचा गोळा उचलायचा. कानात कापूस घाला असं वरचे साहेब सांगायचे, आणि कापूस घालणाऱ्याला बाकीची पोरं हसायची. हसणाऱ्यांत हाच सगळ्यात पुढं. आता काय बोलायचं!

पेन्शनीत येऊन ऊस लावला, म्हशी पाळल्या, मिशा पांढऱ्या झाल्या. आणि ऐकू येत नसल्याचं कुणाला कळू नये म्हणून त्यानं एक युक्ती काढली. मान डोलवायची. समोरचा बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडं बघत राहायचं, तो थांबला की मान डोलवून म्हणायचं, "बराबर हाय." आपलं बोलणं बरोबर आहे म्हटलेलं कुणाला आवडत नाही? त्यामुळं वर्षानुवर्षं ही युक्ती चालली. फक्त एकदा, शेजारच्या सुलाबाईचा नवरा वारल्याचा निरोप आला तेव्हाही हा "बराबर हाय" म्हणून मोकळा झाला. तिथं अंजनाला सावरून घ्यावं लागलं.

अंजना म्हणजे त्याची बायको. लग्नानंतर तो सुट्टीवर यायचा तेव्हा पंचमीला बायका झाडाखाली फेर धरायच्या, त्यात हिचा आवाज सगळ्यांच्या वरचा. ओढ्यापलीकडनं ओळखू यायचा. तो आवाज आकारामच्या डोक्यात तसाच्या तसा होता. कानात मात्र वीस-बावीस वर्षांत आला नव्हता.

दोघांचं भांडण ह्याच्यावरनंच. कारण पोरगा साईराज बोलला की ह्याला ऐकू यायचं. म्हैस रेकली की ऐकू यायचं. ट्रॅक्टर तर चांगला ऐकू यायचा. अंजना चुलीपासनं चार हाका मारायची आणि हा ढिम्म.

"आवं, माझंच तेवढं कसं ऐकू येत न्हाई?" ती तणतणायची. "गड्याचं येतंय, पोराचं येतंय, बायकूचं आलं की कान बंद व्हय? मी काय एवढी जड झाले तुमास्नी?"

हेही त्याला ऐकू यायचं नाही. तो मान डोलवायचा. मग तर ती पेटायचीच. असं होत होत अंजनानं त्याला सांगायचंच सोडलं. जेवायला चला, धार काढा, दार लावा, एवढंच बोलायची, तेही हातवारे करून. मनातलं काही असलं तर म्हशीला सांगायची, राजेश्वरी सुनेला सांगायची, नाही तर गिळून टाकायची. माणूस गिळून गिळून किती गिळणार?

पौषात तिचा आवाज बसला. मिश्री लावायची सवय लहानपणापासनं. आधी वाटलं तिचाच खकाणा घशात गेला असेल. हळद-दूध झालं, काढे झाले. घास उतरेना तेव्हा राजेश्वरी तिला मिरजेला घेऊन गेली. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, तुकडा तपासायला पाठवला आणि मग सुनेला बाजूला घेऊन सांगितलं. घशात गाठ आहे, वाईट आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण आवाज जाईल. गळ्याला भोक राहील, कायमचं, श्वास तिथनंच. पुढं गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, पण तो आवाज यंत्राचाच. अंगात रक्त कमी आहे, साखर वाढलेली आहे. ते ठिकाणावर आलं की ऑपरेशन, दीड महिना तरी लागेल.

साईराज पलटणीत, राजस्थानात. म्हणून सासऱ्याला सांगायचं कामही राजेश्वरीवरच आलं. ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हे. तिनं पोराची वही घेतली आणि लिहून दाखवलं: मामा, आत्यांचा आवाज जाणार.

आकारामनं ते तीनदा वाचलं. वही मिटली, परत उघडली. मग जो माणूस वीस वर्षं कानाच्या मशीनचं नाव काढलं की उठून गोठ्यात जायचा, तो म्हणाला, "मला मशीन आणायचं हाय. उद्याच्या उद्या."

त्याला कळून चुकलं होतं. तो आवाज आपल्या घरातच, दहा पावलांवर, रोज होता आणि आपण तो न ऐकताच घालवला. आता दीड महिना उरला. तेवढ्यात ऐकला तर ऐकला.

राजेश्वरीला म्हशी आणि पोरं सोडून हलता येईना, म्हणून सांगलीला दोघंच गेली, एस.टी.नं. पेठेत एका दवाखान्याच्या माडीवर चंदनबाला मॅडमची खोली. पंचेचाळिशीची बाई, वीस वर्षं म्हाताऱ्या माणसांना मशिनी बसवत आलेली. कुंडलचं नाव ऐकल्यावर तिचा चेहरा फुलला. लहानपणी आजीबरोबर तिथल्या डोंगरावर पार्श्वनाथाला चालत गेली होती म्हणे. हे ती आकारामला सांगत होती आणि आकाराम मान डोलवत होता.

"काका, तुम्हाला एक अक्षर ऐकू आलेलं नाही," ती त्याच्या तोंडासमोर येऊन म्हणाली. "इथं मान डोलवायची नाही. इथं सगळे तसलेच येतात."

मग काचेच्या खोलीत बसवून कानाला डबडी लावली आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आकारामला परीक्षेत नापास व्हायचं नव्हतं. तो अंदाजानं दाबत सुटला. चंदनबाला काचेपलीकडनं आली आणि म्हणाली, "मी आत्ता काहीच वाजवलं नव्हतं, काका." अंजनाला एवढ्या दुखण्यातही हसू आलं. घशातनं खरखर आली आणि ती खोकत बसली.

शेवटी कागदावर रेघ निघाली. डावीकडनं बरी चालत आली आणि मध्यावर एकदम खाली कोसळली. कागदावर चित्रंही होती. ढोल, ट्रक, माणूस ही अलीकडं. पाखरू, लहान मूल, बाई ही पलीकडं, रेघ कोसळली होती तिथं. चंदनबालानं बाईच्या चित्रावर बोट ठेवलं आणि अंजनाकडं दाखवलं.

"तोफेनं ह्यांचा बारीक आवाज आधी नेला, काकू. जाड आवाज ह्यांना येतो, पुरुषाचा, जनावराचा. तुमचा इथं पडतो. तुम्ही कितीही ओरडला असता तरी नीट आला नसता."

अंजना त्या कागदाकडं बघत राहिली. वीस वर्षं ज्या गोष्टीवरनं तिनं ह्या माणसाला मनातनं उतरवून ठेवलं होतं ती गोष्ट अशी एका रेघेत निघाली. तिनं पदर तोंडाला लावला. "म्हंजे मुद्दाम न्हवतं," एवढंच ती पुटपुटली. आकारामनं ते ऐकलं नाही. चित्रातली बाई आणि समोर रडणारी बाई बघून त्याला काय समजायचं ते समजलं.

आता मशीन निवडायचं. आकारामनं काचेच्या कपाटातलं सगळ्यात बारकं दाखवलं, हरभऱ्याएवढं, कानाच्या आत बसणारं. "हे द्या. दिसाय नको." पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्याला सलामी देणारा माणूस, कानामागं तारा-नळ्या घेऊन उभा राहायचं म्हणजे त्याला मरणच.

चंदनबालानं हुज्जत घातली नाही. तिनं त्या मशीनचा सेल टेबलावर ठेवला, मसुरीच्या डाळीएवढा. "उचला."

आकारामची बोटं म्हणजे ऊसतोडीची बोटं, त्यात उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक कडबाकुट्टीनं नेलेलं. सेल तीनदा निसटला, चौथ्यांदा खाली पडला. चंदनबालानं समोर बसून, सावकाश, ओठ हलवत सांगितलं, "रोज कोण घालून देणार? आणि हे बारकं तुमच्या कानाला पुरायचंही नाही. तुम्हाला कानामागचं मोठंच पाहिजे. सेल मोठा, बटण मोठं, ताकद जास्त. दिसेल. पण ऐकू येईल."

तो बारक्याकडंच बघत राहिला. तेव्हा अंजनानं फाटक्या आवाजात फर्मान काढलं, "मोठंच द्या, बाई. आता कुणाला तोंड दावायचंय!"

कानाचा साचा घेतला. आठ दिवसांनी परत गेली. चंदनबालानं मशीन कानामागं अडकवलं, साचा कानात बसवला आणि बटण दाबलं. आधी पंखा अंगावर आला. मग खुर्ची करकरली. आणि मग कुणी तरी म्हणालं, "ऐकू येतंय का वं?"

आवाज चिरलेला होता, बसलेला होता, पण शेवटचं ते "वं" असं लांबवायची तऱ्हा दुसऱ्या कुणाची नव्हती. आकाराम हवालदार, तोफांपुढं न हललेला माणूस, खुर्चीत ढसाढसा रडला. अंजनाही रडली आणि त्यातनं तिला खोकला लागला. ती बाहेरच्या बेसिनकडं गेली.

साचा एका बाजूला टोचत होता. चंदनबालानं मशीन काढून घेतलं आणि खाली मान घालून साचा घासता घासता सेलचं सांगायला लागली. प्रत्येक सेलवर रंगीत स्टिकर असतो. तो काढला की आत हवा जाते आणि सेल चालू होतो. एकदा काढला की मशीन वापरा नाही तर नको, सेल संपतच जातो. म्हणून लागेल तेव्हा एकच स्टिकर काढायचा.

"समजलं का, काका?" तिनं मान वर केली.

"बराबर हाय," आकाराम म्हणाला.

सेल घालून दाखवा म्हटल्यावर त्यानं एक स्टिकर सोलून सेल बरोबर घालून दाखवला. तिचं समाधान झालं. "रोज सकाळपासनं झोपेपर्यंत घालायचं," हे तिनं समोर बसून, मोठ्यानं, दोनदा सांगितलं. ते त्याला कळलंही होतं.

पण घरी आल्यावर दोन दिवसांत त्याचं डोकं उठलं. भांडं आपटलं की कानात खिळा ठोकल्यासारखं. पत्र्यावर कावळे नाचायचे ते डोक्यातच नाचायचे. स्वतःची भाकरी चावल्याचासुद्धा आवाज! दुसऱ्या दिवशी दुपारी अंजना त्याच्याजवळ बसली आणि कानाशी येऊन म्हणाली, "डाक्तर म्हनलेत लय बोलू नका, घसा सुजतोय. मला तुमास्नी लय सांगायचंय, साठलंय वरीसवरीस. असं तुकड्या-तुकड्यानं न्हाई सांगायचं. दवाखान्यात जायच्या दिशी सगळं सांगते. तवर मी आवाज जपते, तुमी मशीन जपा."

त्या घराची रीतच ती. चांगली वस्तू वापरायची नाही, ठेवायची. अंजनाची लेकीगत जपलेली दोन लुगडी घडी न मोडता ट्रंकेत, आकारामचं पलटणीतलं नवं कांबळं तीस वर्षं डांबराच्या गोळ्यांत. मशीनही रुमालात गुंडाळून त्याच ट्रंकेत गेलं. त्याला बरंच वाटलं, कावळ्यांपासनं सुटका झाली.

फक्त एक काळजी होती, बोटांची. ऐन वेळी हात कापला, स्टिकर निघाला नाही, तर? तोफेजवळ गोळे आधीच काढून रांगेत ठेवतात. हाक आल्यावर पेटी फोडत बसत नाहीत. आकाराम अर्धी दुपार ओसरीवर बसला आणि सुईच्या टोकानं उरलेल्या पाचही सेलांचे स्टिकर त्यानं काढले. पाची सेल पितळी डबीत ओळीनं लावले. डबी मशीनशेजारी ठेवली आणि ट्रंकेला कुलूप घातलं. तयारी झाली.

मध्यंतरी चंदनबालाचा फोन आला. राजेश्वरी म्हणाली, "मामांनी जपून ठेवलंय." चंदनबाला तिकडनं चिडली, वापरायला सांगा म्हणाली. राजेश्वरीनं तसं वहीवर लिहून दाखवलं. आकारामनं मान डोलवली.

तो सगळा महिना दोघांनी मुक्यानं काढला. ती जेवण वाढायची, तो तिच्याकडं बघायचा, आणि दोघांनाही माहीत होतं की एक दिवस ठरलेला आहे. खरं तर लग्नानंतर इतकं गोडीनं ती दोघं कधी राहिली नव्हती.

दवाखान्यात जायच्या दिवशी मात्र घर पाहुण्यांनी भरलं. नणंदा, भाच्या, माहेरची माणसं. ज्यानं त्यानं अंजनाला जवळ घेऊन रडून घेतलं. अंजनानं आकारामला हातानंच खुणावलं, उद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेला वॉर्डात तिला हिरवा झगा घातला. बांगड्या काढल्या होत्या. नर्स म्हणाली, दहा मिनिटांत नेतील. अंजनानं राजेश्वरीला बाहेर पाठवलं आणि आकारामला खाटेवर बसवून घेतलं. त्यानं रुमाल सोडला. मशीन कानाला लावलं, बटण दाबलं.

काही नाही.

त्यानं सेल काढला, डबीतला पहिला घातला. काही नाही. दुसरा, तिसरा. अंजना बोलायला लागली होती. "थांब" म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि तिच्याकडं बघितलं. ती त्याच्या कानाकडं बघत होती, त्या मशीनकडं, आणि शेवटी एकदाचं ह्याला ऐकू येतंय, असा तिचा चेहरा होता. त्यानं तोंड मिटलं. चौथा सेल त्यानं चाचपडत घातला. पाचवाही घातला. अंजनाला वाटलं, तो आवाज वाढवतोय. तिनं त्याचा हात धरून खाली आणला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला.

ती बोलत राहिली. मध्येच हसली. मध्येच डोळे पुसले. एकदा त्याच्या छातीवर हलकी चापट मारली, एकदा दाराकडं बोट दाखवून काही बजावलं. एवढं सलग ती वीस वर्षांत बोलली नव्हती. आकाराम तिच्या ओठांकडं बघत होता, जीव डोळ्यांत आणून बघत होता, पण डोळ्यांनी किती ऐकणार? आतल्या आत तो ओरडत होता, की बाई थांब, मेलंय हे मशीन, मला काही कळत नाही. आणि वरनं त्याची मान डोलत होती.

ढकलगाडी आली. अंजना थांबली. तिनं त्याच्याकडं बघितलं, समजलं ना म्हणून.

"बराबर हाय," आकाराम म्हणाला.

ती निवांत झोपली आणि तिला घेऊन गेले.

ऑपरेशन चांगलं झालं. सगळे म्हणाले, देवाची कृपा. बारा-तेरा दिवसांनी अंजना उशीला टेकून बसायला लागली. गळ्याला भोक, त्यात नळी. एक दिवस तिनं त्याला जवळ बोलावलं, छातीवर हात ठेवला, मग दाराकडं बोट केलं आणि भुवया उचलल्या. ते केलं का? आकारामनं मान डोलवली. दुसऱ्या दिवशी अंदाजानं साईराजचा फोटो घेऊन गेला. तिनं फोटो बघितला, छातीशी धरला, पण परत तीच खूण केली. मग तो ट्रंकेतलं लुगडं घेऊन गेला. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. सांगितलं होतं की, असा तिचा चेहरा. तिला सही करण्यापुरतंच लिहिता येत होतं.

तिला घरी आणल्यावर तो एकटाच सांगलीला गेला. चंदनबालासमोर मशीन आणि पितळी डबी ठेवली. तिनं डबी उघडली.

"काका, ह्यांचे स्टिकर कुठं आहेत?"

तिनं सेलावरच्या स्टिकरच्या जागी बोट ठेवलं तेव्हा त्याला प्रश्न कळला. "काढलं. तयारीला. ऐन टायमाला घोळ नको म्हनून."

तिनं डबी बाजूला सारली. मग समोर खुर्ची ओढून बसली, कागद घेतला आणि सगळं लिहून सांगितलं. शेवटी लिहिलं: त्या दिवशी मी खाली बघून बोलत होते. माझी चूक झाली. आकारामनं कागद वाचला. "तुमची न्हवं, बाई," तो म्हणाला. "मी व्हय म्हनालो."

तिनं नवा सेल घातला. एस.टी.त पुढच्या सीटवर कॉलेजच्या दोन पोरी बसल्या होत्या. त्यांचं बोलणं पलूसपर्यंत त्याला ऐकू येत होतं. कुणाची ओढणी, कुणाचा पेपर, मेसमधली भाजी. बारीक, स्वच्छ आवाज. कुठल्या कोण पोरी, त्यांचं सगळं आलं. त्याला तिथंच उतरून पळून जावंसं वाटलं.

घरी अंजना सोप्यात बसली होती. मशीन कानाला बघून तिचा चेहरा उजळला. तिनं लगेच छातीवर हात ठेवला, दाराकडं बोट केलं, भुवया उचलल्या.

आकाराम तिच्यासमोर खाली बसला. पितळी डबी तिच्या मांडीवर ठेवली.

"ह्ये मेलेलं हुतं," तो म्हणाला. "त्या दिशी. पाचीच्या पाची. मला काय ऐकू आलं न्हाई, अंजना. एक शबुद न्हाई. मी नुसती मान डोलवली."

अंजनानं डबी उघडली. एकेक सेल बोटानं हलवून बघितला. तिचा श्वास वाढला. आत-बाहेर, आत-बाहेर, गळ्याच्या नळीतनं शिट्टीसारखा. तो आकारामला स्वच्छ ऐकू येत होता. त्याला वाटलं, आता ही तोंड फिरवणार, आणि फिरवावंच तिनं.

तिनं डबीचं झाकण लावलं. डबी बाजूला ठेवली. त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, तसाच, त्या दिवशीसारखा. आणि ती पहिल्यापासनं बोलायला लागली. ओठ हलत होते. मध्येच ती हसली, मध्येच डोळे पुसले, त्याच जागी छातीवर चापट मारली, त्याच जागी दाराकडं बोट केलं. मशीन चालू होतं, सेल नवा होता, आणि आकाराम कान देऊन ऐकत होता. नळीतला वारा तेवढा येत-जात होता.

सगळं सांगून झाल्यावर तिनं त्याच्याकडं बघितलं, समजलं का म्हणून.

आकारामनं मान हलवली. नाही म्हणून.